कोणी कोणाची भाषा शिकावी?

कार्तिकी एकादशीला पंढरपुरी यात्रा भरते, त्याच दिवशी आमच्या बडोद्यात मांडवीजवळच्या विठ्ठलमंदिरातून देवाची स्वारी निघते. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या पाहुण्याला या स्वारीचे नाव ऐकून नवल वाटते. बडोद्यात तिला पालखी कोणी म्हणत नाही. ती विठ्ठलनाथजींचा वरघोडा असते. वरघोडा हा शब्द थेट गुजराती. गायकवाडांच्या शिलेदार-कारकुनांबरोबर अठराव्या शतकात इकडे आलेल्या या देवाने, त्याच्या भक्तांप्रमाणेच, हळूहळू गावची बोली उचलली. त्यासाठी त्याला कोणी दटावले होते, असे निदान जुन्या मंडळींच्या तोंडून तरी मी ऐकलेले नाही.

हे आठवण्याचे कारण असे की, 'बाहेरून आलेल्याने इथली भाषा शिकलीच पाहिजे' हा विषय अलीकडे घराघरांत शिरला आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र शासनाने इयत्ता पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली, जूनमध्ये त्या निर्णयाचे शब्द सौम्य केले आणि २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेतले. त्याच सुमारास मीरा-भाईंदरमध्ये मराठी बोलण्याच्या वादातून एका दुकानदाराला मारहाण झाली. त्याच्या निषेधार्थ व्यापाऱ्यांचा मोर्चा निघाला, आणि त्या मोर्चाला उत्तर म्हणून दुसरा मोर्चा निघाला. माझी मुलगी लग्नानंतर पुण्यास असते. त्या दिवसांत तिने फोनवर मला विचारले, "आई, आपण इतक्या पिढ्या बडोद्यात राहिलो. आपल्याला कोणी असे कधी म्हटले का गं?"

कोणी म्हटले नाही, हे खरे. पण का म्हटले नाही हे सांगावयास गेले, तर आपल्या पूर्वजांविषयी असे काही सांगावे लागते, की जे आपण संमेलनांच्या स्वागतपर भाषणांत सहसा सांगत नाही.

आपण इकडे पोट भरण्यासाठी हात जोडून आलो नाही. पिलाजीराव आणि दमाजीराव गायकवाडांच्या फौजांबरोबर आलो, आणि १७३४ पासून बडोदे गायकवाडांच्या हाती स्थिर झाले तेव्हा आपली बिऱ्हाडे दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, मांडवीच्या आसपास स्थिर झाली. चौथाई घेणारे आपण होतो, दफ्तर सांभाळणारे आपण होतो. इथला पाटीदार शेतकरी किंवा वाणी कचेरीत आला, की समोर बसलेल्या 'दक्षिणी' कारकुनाशी कसे बोलावे ही विवंचना त्याची असे, कारकुनाची नसे. (गुजरातेत आपल्याला 'दक्षिणी' म्हणत, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. शब्दात द्वेष नव्हता, पण अंतर होते.) ज्याला काही मागावयाचे असते त्याच्याकडून भाषेची अपेक्षा केली जाते. आमच्या पणजोबांना कोणाकडे काही मागावे लागत नव्हते, म्हणून त्यांना कोणी 'गुजरातीत बोला' म्हटले नाही. इंदूर-ग्वाल्हेरच्या कुटुंबांची सुरुवातही यापेक्षा फार निराळी नसावी.

असे असताना बडोद्याच्या मराठी माणसाने गुजराती आत्मसात केली, ती कोणी केलेल्या सक्तीमुळे का? एका अर्थी होय. मात्र ती सक्ती खालून आली नाही, अगदी वरून आली.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या लहानशा गावचा एक मुलगा १८७५ मध्ये दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसला. बारा वर्षांच्या त्या मुलाला अक्षरओळखही धड नव्हती. त्याच्यासाठी शिक्षक नेमले गेले आणि मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषांचा अभ्यास एकदमच सुरू झाला. पुढे सयाजीराव महाराज म्हणून तो जगभर ओळखला गेला. त्यांच्या ग्रंथालयांविषयी, सक्तीच्या शिक्षणाविषयी आपण पुष्कळ बोलतो. १८९३ मध्ये अमरेलीच्या भागात आणि १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारा हा राजा, हे आपल्या मुलांनाही पाठ असते. पण मला त्यांचा सर्वांत धाडसी निर्णय वाटतो तो भाषेचा. राज्यकर्ता मराठी, दरबार मराठी, खात्यांचे प्रमुख पुष्कळसे मराठी. आणि राज्यकारभाराची भाषा त्यांनी केली गुजराती. आज्ञापत्रिका गुजरातीत निघू लागली, कचेऱ्यांतील लिहिणे गुजरातीत होऊ लागले. रयत गुजराती बोलते, म्हणून सरकारने गुजराती बोलावे, एवढाच त्यामागचा हिशेब होता.

यात मराठीचा दुस्वास होता असे म्हणण्यास जागा नाही. मराठी ग्रंथांना आणि ग्रंथकारांना बडोद्याएवढा आश्रय फार थोड्या ठिकाणी मिळाला. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन साहित्य संमेलने त्यांच्याच काळात या शहरात झाली. १९३१ साली राज्यकारभारातील शब्दांचा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश निघाला. त्यात एकेका शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली आणि इंग्रजी असे पर्याय शेजारी शेजारी मांडलेले आहेत. आठ भाषांना एका पंगतीला बसविणारा हा राजा आपल्या मातृभाषेवर रुसलेला नव्हता. कचेरी कोणासाठी असते, एवढे मात्र त्याला पक्के ठाऊक होते.

माझे आजोबा कडी प्रांतात वहिवटदाराच्या कचेरीत कारकून होते. नोकरीसाठी त्यांना गुजराती लिहावे-वाचावे लागले. घरचा जमाखर्च ते अखेरपर्यंत मोडीत लिहीत, नातलगांना पत्रे बाळबोधीत, आणि कचेरीचे काम त्या बिनशिरोरेखेच्या गुजराती अक्षरांत. त्यांच्या वळणात एक गंमत होती. गुजराती लिहितानाही कधी कधी त्यांचा हात सवयीने डोक्यावर रेघ ओढून जाई, आणि मग ते स्वतःशीच 'डोक्यावरची पगडी काढा, राव' असे म्हणून ती रेघ खोडीत. लहानपणी मी त्यांना एकदा विचारले होते, की आपले राज्य असताना तुम्ही त्यांची भाषा का शिकलात? ते म्हणाले, "रयतेचा अर्ज ज्याला वाचता येत नाही, त्याला तो फेटाळण्याचा अधिकार कसा असेल?" त्या वयात मला हे उत्तर काही कळले नाही. राज्यही तोपर्यंत उरले नव्हते. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले होते आणि बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी, आपण गुजरात राज्याचे नागरिक झालो होतो.

भाषा शिकली म्हणजे आपली सोडली, असा जो समज आजच्या वादात दोन्ही बाजूंनी धरलेला दिसतो, तो आमच्या घराने तरी खोटा ठरविला. आमच्या मराठीत गुजराती शब्द मुक्कामाला आले ते आलेच. खिडकीला आम्ही बारी म्हणतो, झोपाळ्याला हिंचका, पुस्तकाला चोपडी. आणि माझ्या सासूबाई, ज्या अस्सल साताऱ्याच्या, त्याही दहा वर्षांत भाजीला शाक म्हणू लागल्या. उलट बाजूने पाहावे तर बडोद्याचा गुजराती माणूस ज्या पदार्थाची शपथ घेतो, त्याचे नाव सेव-उसळ. त्यातली उसळ कोठून आली हे त्याला सांगावे लागत नाही आणि बहुधा त्याला ठाऊकही नसते. दोन बिऱ्हाडांमध्ये वाटीभर साखरेची देवघेव व्हावी, तसे हे चालू राहिले.

काकासाहेब कालेलकरांचे उदाहरण तर आपल्याकडे इतक्या वेळा दिले जाते, की ते देण्याचा संकोच वाटतो. पण दिल्यावाचून राहवत नाही. साताऱ्यास १८८५ मध्ये जन्मलेला हा मराठी माणूस बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षक म्हणून आला, पुढे गांधीजींच्या आश्रमात गेला आणि असे गुजराती लिहू लागला, की गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटले. गुजराती शुद्धलेखनाची घडी बसविणारा विद्यापीठाचा जोडणीकोश १९२९ मध्ये निघाला, त्या कामात काकासाहेबांचा वाटा मोठा होता. म्हणजे गुजराती माणसाने ऱ्हस्व-दीर्घ कसे लिहावे, हे ठरविण्यात एक मराठी माणूस होता, आणि गुजरातेने ते मानले! मुक्तिबोधांच्या घरात तर दोन भावांनी दोन वाटा धरल्या. गजानन माधव हिंदीचे झाले, शरच्चंद्र मराठीचे राहिले. एकाच आईबापांच्या पोटी, एकाच माळव्याच्या परिसरात वाढलेले हे दोघे. या दोघांपैकी कोणी मातृभाषेशी अधिक इमान राखले, असला प्रश्न विचारणाऱ्याने आधी दोघांच्या कविता वाचाव्यात.

तथापि थोरामोठ्यांची उदाहरणे या प्रश्नात फार दूरवर नेत नाहीत. कालेलकर होणे ही अपवादाची गोष्ट. सामान्य माणसाने किती शिकावे, आणि त्याच्याकडून किती मागावे, हा खरा पेच. तो मला उमगला तो बँकेत.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली. त्यातली तीन वर्षे, ऐंशीच्या दशकात, छोटाउदेपूरच्या बाजूच्या एका शाखेत गेली. तो मुलूख राठवा आदिवासींचा. त्यांची बोली राठवी. बाजारापुरती गुजराती पुरुषांना येई, बायकांना तीही बेताचीच. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जे तेव्हा जोरात चालू होती. म्हशीसाठी, बैलजोडीसाठी, विहिरीसाठी माणसे येत. आमचे अर्ज अर्धे इंग्रजीत, अर्धे गुजरातीत. शाखेत आम्ही सहा-सात जण. बडोद्याचे, नडियादचे, एक तर थेट केरळचा. सारे पदवीधर. समोरच्या बाईला हप्ता म्हणजे काय, जामीन म्हणजे काय, व्याज किती, हे समजावून सांगता येईल असा शाखेत एकच माणूस होता, तो म्हणजे आमचा शिपाई. तो स्वतः राठवा होता. तो रजेवर असला की शाखेचे दार उघडे असूनही बँक बंद असे. लोक ओसरीवर बसून राहत आणि दुपारी उठून निघून जात. डोंगरातून दहा-बारा किलोमीटर चालत आलेली माणसे.

तेथे मला आजोबांचे वाक्य आठवले. त्या बाईचे गाव, तिचे जंगल, तिची म्हैस. तिच्या मुलखात नोकरीसाठी आलेले आम्ही, म्हणजे खरे पाहता स्थलांतरित आम्हीच होतो. पण शिकण्याची अपेक्षा सगळे तिच्याकडूनच करीत होते. आमचे नडियादचे सहकारी तर कुरकुरत, "या लोकांना इतक्या वर्षांत साधी गुजराती येऊ नये!" आपण इतक्या वर्षांत किती राठवी शिकलो, हा प्रश्न त्यांना कधी पडल्याचे दिसले नाही. त्याच भागात पुढे तेजगढला आदिवासी अकादमी उभी राहिली. ती उभी करणारे गणेश देवी मूळचे भोरचे, बडोद्याच्या विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक. बाहेरून आलेला माणूस स्थानिकांच्या बोलींपाशी बसून त्या लिहून घेतो, याचे हे एक ठळक उदाहरण आमच्या शेजारचेच आहे.

म्हणून माझे मत असे बनत गेले, की 'कोण बाहेरून आले' यापेक्षा 'कोण खिडकीच्या आत बसले आहे' हा प्रश्न आधी विचारावा. जो दुसऱ्याचा अर्ज घेतो, औषध देतो, फिर्याद लिहितो, निकाल देतो, त्याने समोरच्याची भाषा शिकली पाहिजे. आणि हे त्याच्या मर्जीवर सोडता कामा नये. भारतीय प्रशासन सेवेतील अधिकाऱ्याला ज्या राज्यात पाठविले जाते तेथील भाषेची परीक्षा द्यावी लागते. त्यावर कोणी अन्याय झाला म्हणून ओरड करीत नाही. हाच नियम बँकेच्या, रेल्वेच्या, विम्याच्या खिडकीपर्यंत कडकपणे का पोहोचू नये? मुंबईत किंवा पुण्यात एखाद्या म्हाताऱ्या मराठी बाईला पेन्शनच्या चौकशीचे उत्तर मराठीत मिळत नसेल, तर तिचा संताप रास्त आहे आणि तिच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या त्या मागणीशी मी पूर्ण सहमत आहे.

पण तोच न्याय रस्त्यावर भाजी विकणाऱ्याला, फरशी बसविणाऱ्याला, रखवालदाराला लावणे मला पटत नाही. तो खिडकीच्या बाहेर उभा आहे. शिकला तर त्याचेच भले आहे आणि बहुधा तो शिकतोच, कारण न शिकण्याची चैन त्याला परवडत नाही. दटावून त्याच्याकडून एखादे वाक्य वदवून घेता येते. ते वाक्य म्हणताना त्याच्या मनात मराठीविषयी काय भावना उमटत असेल, याचा विचार मराठीवर प्रेम करणाऱ्यांनी तरी करावयास हवा होता.

गुजरातेतील मराठी माणूस म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बडोद्याचे वाडे येतात. पण २०११ च्या जनगणनेत या राज्यात मराठी मातृभाषा सांगणारे नऊ लाखांहून अधिक लोक होते, आणि त्यांतले फार मोठ्या संख्येने सुरत आणि दक्षिण गुजरातेत राहतात. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली यंत्रमाग कामगारांची कुटुंबे आहेत. ते आपल्या अर्थाने 'जुने रहिवासी' नाहीत. त्यांच्या मागे कोणा राजाचा आश्रय नव्हता. आपल्या संस्थांच्या कार्यक्रमांना ते येत नाहीत आणि आपणही त्यांना फारसे बोलावीत नाही. हे लिहून ठेवले पाहिजे. त्या सुरत शहराच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीने मुलांसाठी गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालविल्या आहेत. एका गुजराती शहराने यंत्रमागावर बसणाऱ्या परक्यांच्या मुलांसाठी सात भाषांत पाटी-पुस्तके द्यावीत, ही गोष्ट मला कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा मोठी वाटते. तेथली मराठी पोरे गल्लीत गुजराती शिकतात, शाळेत मराठी. आणि त्यांच्या आया दुकानात दोन्हींची खिचडी करून काम भागवितात.

याच गुजरातेत २०१८ च्या ऑक्टोबरात एका निर्घृण गुन्ह्यानंतर परप्रांतीय मजुरांवर हल्ले झाले आणि हजारो माणसे गाड्या भरभरून उत्तरेकडे निघून गेली. तेव्हा भांडण भाषेचे नव्हते. पण जमावाला माणूस 'बाहेरचा' म्हणून ओळखू येतो तो पुष्कळदा त्याच्या उच्चारावरूनच. ते दिवस आठवले की भाषेला ओळखपत्र करण्याची भीती वाटते.

बेळगाव-कारवारच्या वाचकांना येथपर्यंत वाचताना एक आक्षेप सुचला असेल, आणि तो योग्य आहे. ते कोठून आलेले नाहीत. ते जागेवरच होते. १९५६ मध्ये राज्याची सीमा त्यांच्या घरावरून पलीकडे गेली. त्यांना 'आलेल्यांनी शिकावे' हे सूत्र लागू करणे म्हणजे गाव न सोडलेल्या माणसाला पाहुणा ठरविणे. त्या प्रश्नाला निराळाच लेख हवा.

आता दुसऱ्या बाजूची, म्हणजे यजमानांची, एक खोड. आमच्या सोसायटीत ओडिशातून आलेला एक वेल्डर राहतो. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करतो. तो आला तेव्हा गुजराती शिकण्याची त्याला मनापासून हौस होती. दुकानात जाऊन मोडकेतोडके गुजराती बोलू लागला, की दुकानदार तत्काळ हिंदीत उत्तर देई. हे सौजन्यच होते. पण या सौजन्याने त्याचे गुजराती चार वाक्यांवरच थांबले. दोघांचीही नसलेली हिंदी मध्ये येऊन उभी राहिली आणि दोघेही आपापल्या दारातून आत गेले. मुंबईतही मी हेच पाहिले आहे. रिक्षावाल्याशी, फळवाल्याशी मराठी माणूस आधी स्वतःच हिंदीत सुरू होतो आणि मग घरी येऊन मराठीचे काय होणार म्हणून हळहळतो. हिंदी सोयीची आहे, मलाही ती आवडते. पण सोयीची भाषा समाईक भाषा झाली की शेजाऱ्याची भाषा शिकण्याचे कारणच संपते. पहिलीतल्या मुलावर तिसरी भाषा लादण्याला महाराष्ट्रात जो विरोध झाला, त्यामागे ही भीती होती, आणि ती अनाठायी नव्हती.

अपेक्षा करणाऱ्याने शिकण्याची सोयही केली पाहिजे, याचे एक उदाहरण मराठीशी नाते असलेलेच आहे. कोकणातले बेने इस्रायली लोक मराठी मातृभाषेनिशी इस्राएलला गेले. त्या देशाने आलेल्या प्रत्येकाकडून हिब्रूची अपेक्षा धरली, पण त्यासाठी १९४९ पासून 'उल्पान' नावाच्या खास शाळा काढल्या. कामाला लागण्यापूर्वी नवागताने तेथे काही महिने फक्त भाषा शिकावयाची. मोठ्या माणसांसाठी, त्यांच्या वेळेला, सरकारी व्यवस्थेने. त्या देशातले बाकीचे राजकारण येथे बाजूला ठेवू. हिब्रू शिकूनही या मंडळींनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले, हे मला महत्त्वाचे वाटते. मुंबईत किंवा बडोद्यात सायंकाळी कामावरून सुटलेल्या मजुराला भाषा शिकविणारा असा वर्ग किती ठिकाणी सापडेल? आपल्यासारख्या संस्थांपाशी दिवाणखाने आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, आणि संध्याकाळी ते दिवाणखाने बहुधा कुलूपबंद असतात.

माझ्या मुलीच्या प्रश्नाला पुढे एक जोड मिळाली. पुण्याच्या तिच्या सोसायटीत बैठक होती, त्यात ती म्हणाली, 'बारी बंध करा ना, वारा येतो.' त्यावर एका बाईंनी हसत तिला सुचविले, की आपण महाराष्ट्रात राहतो, शुद्ध मराठीत बोलावे. तिने मला हे सांगितले तेव्हा ती हसत होती, पण आवाज किंचित दुखावलेला होता. जिच्या घराने नऊ पिढ्या परमुलखात मराठी टिकविली, तिला मराठीच्या माहेरघरी परकी ठरविले गेले. भाषेच्या शुद्धतेची चौकी एकदा बसली, की तेथला पहारेकरी कोणाकोणाला अडवील याचा नेम नसतो.

आणि तरीही आपल्या बडोद्याच्या मराठीला खरा धक्का गुजरातीने दिला नाही. मी ज्या मराठी शाळेत शिकले, तिचे वर्ग एकेक करून मिटत गेले, ते आपणच मुले इंग्रजी माध्यमात घातली म्हणून. गुजराती सरकारने त्या शाळेला टाळे लावले नाही; आपण पट रिकामा केला. २०२३ मध्ये गुजरातने कायदा करून पहिली ते आठवीपर्यंत सर्व माध्यमांच्या शाळांत गुजराती विषय सक्तीचा केला. माझा नातू इंग्रजी शाळेत जातो, पण या कायद्यामुळे गुजराती बऱ्यापैकी वाचतो, आणि हिंदीमुळे त्याला देवनागरी येते. त्याच्यापुढे मराठी पुस्तक धरले तर अक्षरे त्याला अडत नाहीत, शब्द अडतात. ते शब्द देण्यासाठी कोणता कायदा करावा? गुजरातीची सक्ती त्याच्यावर झाली याचे मला वाईट वाटत नाही; ज्या मातीत तो वाढतो तिची भाषा त्याला आलीच पाहिजे. मराठी मात्र रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास मी वाचून दाखविते तेवढीच. कधी तो ऐकतो, कधी झोपतो.

गेल्या नोव्हेंबरात मी हयातीचा दाखला देण्यासाठी माझ्या पेन्शनच्या शाखेत गेले होते. खिडकीत नवा तरुण अधिकारी होता, बिहारमधून नुकताच बदलून आलेला. माझ्या पुढे एक वृद्ध पाटीदार गृहस्थ उभे होते. त्यांचे बोलणे त्याला नीट कळेना. तो उठला, शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारून आला, आणि मग टेबलाच्या खणातून एक छोटी वही काढून त्याने त्यात काही लिहिले. माझी पाळी आली तेव्हा मी सहज विचारले, तर त्याने वही पुढे केली. देवनागरीत गुजराती शब्दांची यादी होती: व्याज, मुद्दल, वारसदार, सही, अंगूठो. शेवटची ओळ नुकतीच लिहिलेली, शाई ओली. 'हयातीनो दाखलो.' त्याने मला विचारले, "मॅडम, यह ठीक लिखा है?" मी सांगितले, की ठीक आहे, आणि मराठीत याला जवळजवळ हेच म्हणतात. त्याने मग तेही शेजारी लिहून घेतले.